हात हाकणाऱ्या मावशी

मावशी माझ्याशी कमी आणि माझ्या हाताशी जास्त बोलायच्या. सकाळी साडेसहाला कडी वाजायची. मी दार उघडलं, की त्या माझ्या तोंडाकडं बघायच्याच नाहीत. चपला काढता काढता माझ्या उजव्या हाताला विचारायच्या, “काय रं, निजला का नीट? का बाईला उगं तरास दिला?” हात गप्प. मग उत्तरही त्याच द्यायच्या, “फुगलाय जरासा. चल, ऊठ.”

माझा नवरा त्या वेळी शेंद्र्याला कंपनीत जायच्या गडबडीत असायचा. पहिले चार दिवस तो डबा भरता भरता हसला. पाचव्या दिवशी मावशींनी त्याला विचारलं, “गाडी चालू होईना झाली की तुमी तिच्याशी बोलता का नाय?” तो बोलतो. शिव्याच देतो. त्यानंतर तो हसला नाही. “आपला हात जगन्नाथ म्हणतात, तुझा मात्र मावशींच्या हुकमातला,” एवढं म्हणून पायात बूट घालायचा.

मी सिडकोतल्या एका हायस्कूलात भूगोल शिकवते. मावशी तिथं शिपाई होत्या. तेरा वर्षं आम्ही बरोबर नोकरी केली, मग त्या रिटायर झाल्या आणि मुकुंदवाडीत लेकीकडं राहायला लागल्या. नाव होतं त्यांना, मस्टरवर होतं, पण शाळेत ते कुणी घेतलं नाही. मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच.

त्यांचं माहेर वेरूळच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. घर मेंढरांचं. लग्न होईपर्यंत मेंढरं राखण्याशिवाय दुसरं काम त्यांनी केलेलं नव्हतं, त्यामुळे माणसं दोनच प्रकारची असतात असं त्यांचं पक्कं मत होतं. एक आपण होऊन चालणारी, दुसरी हाकावी लागणारी. मुख्याध्यापक दुसऱ्या प्रकारातले. मी पहिल्या प्रकारातली होते, ऑपरेशन होईपर्यंत.

शाळेची घंटा त्या घड्याळ बघून देत नसत. समोर भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ होतं, पण मावशी बघायच्या झेंड्याच्या खांबाची सावली. ती तिसऱ्या फरशीवर आली की मधली सुट्टी. पावसाळ्यात काय करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “पोरांचा गलका आयकती. भुकेल्या पोराचा आवाज निराळा असतोय.” मुख्याध्यापकांनी एकदा त्यांची घंटा घड्याळाशी ताडून पाहिली, तर दोन मिनिटांचा फरक निघाला. मावशी म्हणाल्या, “मंग घड्याळ दुरुस्तीला टाका.” टाकलं, तर ते खरंच मागं पडत होतं.

आणि त्यांचा डावा हात. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, जड, उजव्याच्या दुप्पट. पदर त्या दोन्ही खांद्यांवरून घ्यायच्या आणि तो हात आत ठेवायच्या. घंटा उजव्या हातानं, पाण्याची कळशी उजव्या हातानं. आम्ही स्टाफरूममध्ये समजून चाललो होतो, की असेल काहीतरी जन्मापासूनचं. कुणी म्हणायचं हत्तीरोग. आम्ही पंचवीस शिकलेली माणसं होतो, आणि तेरा वर्षं असंच समजून चाललो.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. कॅन्सर होता. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. जीव वाचला, याचं सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण हात वर जाईना, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. वाचलेल्या माणसानं हातासाठी रडू नये, असं सगळ्यांचंच मत दिसत होतं.

माझ्यासाठी तो नुसता हात नव्हता. मी भारताचा नकाशा फळ्यावर खडू न उचलता काढते. कच्छपासून निघायचं, खाली कन्याकुमारी, पूर्व किनाऱ्यानं वर, ईशान्येची सगळी वळणं घेऊन हिमालय, काश्मीर, आणि पुन्हा कच्छ. मुलं श्वास रोखून बसतात. खरं सांगायचं तर मला एवढंच येतं, बाकीचा भूगोल पुस्तकात आहेच. आणि आता माझा हात विंध्याच्या वर जात नव्हता. काश्मीरशिवायचा भारत काढायला मी शाळेत कशी जाणार होते?

शाळेतले लोक भेटायला आले. शहाळी आणली, सफरचंदं आणली. प्रत्येकाकडं कुणाच्या तरी नात्यातल्या बाईची गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीतली बाई आता ठणठणीत होती. मावशी त्यांच्यात नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. खोलीचं दार लावलं, पदर बाजूला केला, आणि तो डावा हात उजव्यानं उचलून माझ्या पलंगावर ठेवला.

“हा बघा,” त्या म्हणाल्या. “मलाबी तेच झालं व्हतं, डाव्या अंगाला. टाके काढले, घरी आले, ती परत गेले नाय. हात हलवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाय, का सांगितलं आन मला उमजलं नाय, देवाला ठावं. जपून ठेवला, बाई. पाळण्यातल्या लेकरावानी जपला. त्यो असा झाला. तुमचा मी असा होऊ द्यायची नाय.”

मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. मला भीती वाटली, आणि ती फक्त माझ्या हाताची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. मी त्यांच्याच वंशाला गेले होते, तरी मला माझंच कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुकुंदवाडीहून चालत त्यांची स्वारी हजर. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं, तिला सगळे फिजिओ मॅडम म्हणायचे, मला व्यायामाचा एक कागद दिला होता. मावशींना वाचता येत नव्हतं. चित्रं बघून म्हणाल्या, “ही बाई कोण म्हणायची? केस नाय, तोंड नाय, नुसती हात वर करून हुबी. हिचं ऐकायचं?” मग मला मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा वाचल्यावर त्यांना सगळं पाठ झालं आणि कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून दिला.

आम्ही समोरासमोर उभ्या राहायचो. त्यांचा डावा हात माझ्या उजव्यासमोर यायचा. आधी पोटातून पाच लांब श्वास. मग हात उशीवर उंच ठेवून मूठ उघडायची, मिटायची. मग कोपर. मग खांदे गोल फिरवायचे. शेवटी भिंत. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी एकेक करत वर चालवायची. पोचली तिथं मावशी पेन्सिलीनं रेघ मारायच्या. स्वयंपाकघराची नवी रंगवलेली भिंत. सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी त्या रेघांना गावांची नावं दिली. नागपूर, भोपाळ, झाशी. मावशींना त्यातलं नागपूर तेवढं ऐकून माहीत. तरी रोज जाताना विचारायच्या, “आज कुठवर गेला?”

“ग्वाल्हेर.”

“ऱ्हायलं किती?”

“दिल्ली, मग पुढं बरंच.”

“जाईल. चालायला लागला हाय त्यो.”

हात म्हणजे मेंढरू, असं त्या म्हणायच्या. रोज हाकावं लागतं, एक दिवस बसू दिलं की दुसऱ्या दिवशी उठत नाही. पण दामटायचंही नाही. दहा वेळा म्हणजे दहा. एकदा उत्साहानं मी अकराव्यांदा हात वर केला, तर त्यांनी तो धरून खाली ठेवला. “अकरावा हावरटपणाचा. दमलेलं मेंढरू पाणीबी पीत नाय.” व्यायाम झाला की पिशवीतून डबा निघायचा. त्यात हुलग्याचं माडगं, गरम, लसूण आणि जिरं घातलेलं. मला हुलगा लहानपणापासून आवडत नाही. पण मावशींनी आणलेलं माडगं नको म्हणायची छाती आमच्या घरात कुणाची नव्हती, नवऱ्याचीही नाही. तोही अर्धी वाटी पिऊन शेंद्र्याला जायचा.

एकदा कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेले तेव्हा त्या बरोबर होत्या. तिथल्या मुलीनं सवयीनं माझा उजवा हात पुढं ओढला. मी काही बोलायच्या आत मावशी मधे उभ्या राहिल्या. “ह्या हाताला सुई नाय. रक्तदाबाचा पट्टा नाय. चिमटाबी नाय. काय पायजे ते डाव्याकडनं घ्या.” मुलगी म्हणाली, “बाकी सगळे कुठल्याही हातातून देतात, मावशी.” मावशी म्हणाल्या, “बाकीच्यांचे हात त्यांचे हायेत. ह्यो मला राखायला दिलेला हाय.” ती बिचारी डाव्या हाताकडं वळली.

हातावर सूज येतेय हे सगळ्यात आधी मावशींनाच कळलं. रेडिएशनचे शेक घेऊन झाले होते, मी शाळेत जायला लागले होते. एका सोमवारी त्या म्हणाल्या, “घड्याळाचा पट्टा एक भोक ढिला केलात.” शाळेत जाताना मी ऑपरेशनआधीच्या सवयीनं घड्याळ उजव्याच मनगटात घालत होते. ढिला करूनही पट्टा खरंच रुतला होता. तो सोडवून त्यांनी घड्याळ माझ्या डाव्या मनगटात बांधलं.

फिजिओ मॅडमनी एक घट्ट बाही दिली, दिवसभर घालायची, आणि दर महिन्याला मापाला बोलावलं. मावशींना महिना लांब वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचा हात धड असताना टकळीवर स्वतः कातलेला काळ्या लोकरीचा दोरा आणला. कोपराच्या वर चार बोटं मोजून तो दंडाभोवती गुंडाळला आणि टोकाला टोक लागेल असा कापला. त्यांच्याकडं घोंगडीचं माप असंच घेत. दर सोमवारी हा दोरा लावून बघायचा. टोकं लागली तर हात जागेवर, फट पडली तर सूज वाढली.

पहिल्या सोमवारी टोकं लागली. दुसऱ्या सोमवारी लागली. नंतरही लागतच गेली. एका सोमवारी तर एकावर एक चढली, आणि मावशी हाताला म्हणाल्या, “शाबास रं.” मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. एप्रिल आला, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्या घट्ट बाहीत हात शिजायचा. मी बाही घरी ठेवायला लागले. आधी दुपारपुरती, मग पूर्णच. मापाची एक तारीख परीक्षेत गेली, दुसरी पेपर तपासण्यात. दोरा सांगत होता ना सगळं ठीक आहे.

मे महिन्यात गेले तेव्हा मावशी बरोबर होत्या. फिजिओ मॅडमनी टेप लावली, काढली, पुन्हा लावली. “मॅडम, हे तर दोन सेंटिमीटरनं वाढलंय,” त्या म्हणाल्या. “बाही घालत नव्हता?” मी सांगितलं, की आम्ही दर आठवड्याला मोजत होतो. कशानं, असं त्यांनी विचारलं. मी पर्समधून दोरा काढून दिला. त्यांनी तो टेपवर ठेवून दोन्ही हातांनी हलकाच ओढला. तो वाढतच गेला. मावशी दाराशी बाकावर बसल्या होत्या, त्यांनी ते बघितलं. उठून आल्या, दोरा घेतला आणि पिशवीत टाकला. रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशी नाही आणि हाताशीही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला कडी वाजली नाही. आठवडा गेला. मी बाही घालून एकटी भिंतीसमोर उभी राहायचे, दहा वेळा करायचे, आणि कुणी रेघ मारायला नाही म्हणून तशीच वळायचे. नवव्या दिवशी पत्ता विचारत मुकुंदवाडीला गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जात होते.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. “या बाई,” म्हणाल्या. हाताकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

“विचारा की त्याला, कसा आहे,” मी म्हटलं.

“कुठल्या तोंडानं इचारू?”

मी शेजारी बसले. म्हटलं, “मावशी, लोकर ती, ताणली गेली. तुम्हाला काय माहीत.”

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. “मेंढरांतली लेक हाय मी. लोकर ताणती हे मला ठावं नसंल व्हय?”

त्यांनी पदर डाव्या हातावर ओढून घेतला.

“तिसऱ्या सोमवारीच टोकं लागंनात,” त्या म्हणाल्या. “बोटभर फट व्हती. तुमी दोऱ्याकडं बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडं बघायलात. मी जरासा वढला. लागली टोकं. तुमी हासला. आपरेशनपासनं तुमाला हासताना बघितलं नव्हतं, बाई. म्हनलं, आठ दिसांत उतरंल, मंग कशाला सांगायचं. फुडल्या सोमवारी परत वढला. वढतच गेले.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू? चांगला सणसणीत राग आला. मी म्हटलं, “तुम्ही स्वतःचा हात दाखवून मला सांगितलं होतं, असा होऊ देणार नाही म्हणून. आणि तुम्हीच?”

“व्हय,” मावशी म्हणाल्या. हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत.

मी उठले. जायला वळले, तर समोर दोरीवर त्यांची पोलकी वाळत होती, चार-पाच. प्रत्येकाची डावी बाही वेगळ्या कापडाची, उजवीच्या दुप्पट रुंद, हातानं शिवून जोडलेली. एका हातानं शिवलेली, कारण दुसऱ्यात सुई धरवत नव्हती. दोन सेंटिमीटरसाठी मी त्यांच्या दारात उभी राहून ओरडत होते. मी तिथंच थांबले. म्हटलं, “सोमवारी माझी तारीख आहे. तुम्ही यायचं. आणि तुमचा हात मोजून घ्यायचा. टेपनं.”

“माझा? आता काय मोजायचं त्याला.”

“माझा राग जायला पाहिजे असेल तर यायचं.”

हा शुद्ध दबाव होता. पण हाकल्याशिवाय चालणारं ते माणूस नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

काश्मीर मला पुढं दिवाळीनंतर मिळालं. बाही इमानदारीनं घातली, मावशी पुन्हा साडेसहाला यायला लागल्या, सूज बरीच उतरली, आणि नववी ‘अ’च्या वर्गात खडू न उचलता मी कच्छपासून कच्छपर्यंत आले. त्याचं सगळं श्रेय त्यांचं आहे. त्यांच्या त्या दोऱ्यासकट त्यांचंच आहे. त्यांनी मला पलंगावरून उठवलं नसतं, तर टेप लावायला हात तरी कुठं उरला असता? हल्ली त्या माहेरी भावाकडं असतात. फोन केला की माझ्याशी दोन शब्द बोलून म्हणतात, “आता त्याला द्या.” मी फोन मनगटापाशी धरते. पण मावशी म्हटलं की मला नकाशा आठवत नाही. मला आठवतो तो सोमवार.

फिजिओ मॅडमनी मावशींना खुर्चीत बसवलं आणि फॉर्म भरायला घेतला. “सूज कधीपासून आहे?”

मावशींनी माझ्याकडं बोट केलं. “ह्या बाई शाळेत लागल्या त्याच्या आदल्या सालापासनं.”

मॅडमनी पेन थांबवलं. “एवढ्या वर्षांत कुणाला दाखवला नाही?”

“कुणी इचारलंच नाय,” मावशी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. सावली कुठल्या फरशीवर आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तेरा वर्षं त्यांच्या हातचं पाणी प्यायलेली, आणि त्यानंतर वर्षभर रोज सकाळी त्यांच्या समोर उभी राहून त्यांच्या डाव्या हातात फक्त माझ्या उजव्याचं भविष्य बघणारी.

“उतरंल का?” मावशींनी विचारलं.

“पूर्वीसारखा होणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण पट्टे बांधून आणि व्यायाम करून हलका होईल. बोटं मिटतील. आधी माप घेऊ. हात जरा बाजूला उचलून धरा.”

मावशींनी उचलला. वीतभर उठला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. मी खुर्चीतून उठले आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“डाव्यानं धरा, बाई,” मावशी म्हणाल्या. “उजवा आपला अजून कच्चा हाय.”

मी डावा खाली आधाराला ठेवला, पण धरला उजव्यानंच. तो हात मी पहिल्यांदाच हातात घेत होते. जड होता, आणि कढत. मनगटापासून काखेपर्यंत सात मापं होती. मॅडम आकडे लिहीत होत्या, मावशींनी डोळे मिटून घेतले होते. सातही मापं होईपर्यंत मी तो हात खाली येऊ दिला नाही.